भिंत जमिनीपेक्षा मोठी

(दृश्य : पहाट. मागचं दार उघडतं. समोर रिकामं परस.)

हे आमचं परस. १० फूट रुंद, १२ फूट लांब. एका बाजूला घर, उरलेल्या तिन्ही बाजूंना ६ फुटी भिंती. दारातून निघालं की पाच पावलांत समोरची भिंत हाताला लागते. कित्येक वर्षं इथे एक मोडकी खुर्ची, रंगाचे रिकामे डबे आणि वाळलेल्या कुंड्या होत्या. जागा लहान म्हणून अडगळ टाकली, आणि अडगळ साचली म्हणून जागा आणखी लहान वाटू लागली.

गेल्या आठवड्यात ते सगळं हलवलं. नवीन अजून काही आणलेलं नाही. आज फक्त बघायचं आहे.

(दृश्य : हातात खडू. उन्हाच्या कडेनं फरशीवर रेघ. शेजारी आकडा – ८.)

कॅमेरा दिवसभर याच जागी राहील. दर तासाला ऊन जिथे पोचलंय तिथे एक रेघ, आणि रेघेशेजारी वेळ. सकाळी ऊन पश्चिमेच्या भिंतीवरून खाली उतरतं, फरशी ओलांडतं आणि दुपारनंतर पूर्वेच्या भिंतीवर चढू लागतं. दिवस कलेपर्यंत या रेघांचा नकाशाच तयार होतो. मधल्या फरशीला सहा तास ऊन मिळालं. घराला चिकटलेल्या कोपऱ्याला जेमतेम दोन.

हा नकाशा हातात नसताना एकही रोप विकत घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फळं धरणाऱ्या बहुतेक झाडांना रोज निदान ६ तास थेट ऊन लागतं. पालेभाज्या ३-४ तासांवरही येतात. दोन तासांच्या कोपऱ्यात फळझाड लावलं तर ते उन्हाच्या शोधात लांबत जातं, बारीक राहतं, फळत नाही; आणि आपण खताला दोष देत बसतो. ऋतूबरोबर या रेघाही सरकतात. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, सावल्या लांबतात. म्हणून एक नकाशा उन्हाळ्यातला आणि एक हिवाळ्यातला, दोन्ही हवेत.

(दृश्य : भिंतीवर मोजपट्टी धरलेली.)

आता एक साधा हिशेब. फरशी १० गुणिले १२, म्हणजे १२० चौरस फूट. तिन्ही भिंतींची लांबी मिळून ३४ फूट, उंची ६. म्हणजे २०४ चौरस फूट. ज्या जागेला आपण लहान म्हणत आलो, तिथे जमिनीच्या जवळजवळ पावणेदोन पट भिंत नुसती पडून आहे. हा आकडा कागदावर उतरला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. इथलं सगळं त्यावरूनच ठरलं : जमीन माणसांना द्यायची, भिंत झाडांना.

(दृश्य : भिंतीवर आडव्या तारा. त्यांना सैल बांधलेली कोवळी फांदी.)

भिंतीवर झाड वाढवण्याची विद्या जुनी आहे. फ्रान्समध्ये व्हर्सायला चौदाव्या लुईसाठी ला कँतिनी यांनी १६७८ ते १६८३ या काळात राजाची परसबाग उभारली. तिथे फळझाडं भिंतीला सपाट बसवून वाढवत. या पद्धतीला एस्पॅलियर म्हणतात. बाग राजाची आणि अफाट, पण पद्धत आपल्याच कामाची, कारण असं झाड भिंतीपासून फार पुढे येतच नाही. फांद्या कोवळ्या असतानाच तारेला आडव्या बांधायच्या. सरळ वर जाणाऱ्या फांदीचा सगळा जोर शेंड्याला लागतो. तीच आडवी केली की वाढ मंदावते आणि फुलांच्या कळ्या जास्त धरतात. शिवाय विटांची भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती ऊब झाडाला देत राहते. थंड हवेत हे वरदानच. पण ऊन कडक असेल तर दुपारचं ऊन झेलणारी हीच भिंत कोवळं पान भाजून काढते. तिथे काटक वेल बरा.

भिंतीच्या पायथ्याशी पाऊस नीट पोचत नाही, तिथली माती कोरडी राहते. म्हणून रोप साधारण दीड फूट अलीकडे लावायचं आणि भिंतीकडे कलतं ठेवायचं. तारा किंवा जाळी भिंतीपासून दोन इंच पुढे हवी, म्हणजे मागून हवा खेळते.

स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात पॅटिओंच्या, म्हणजे घरांच्या आतल्या अंगणांच्या, पांढऱ्या भिंती वरपर्यंत कुंड्यांनी भरलेल्या असतात. उंचावरच्या कुंड्यांना लांब काठीच्या टोकाला डबा बांधून पाणी घालतात. बघत राहावं असं दृश्य! पण त्यामागे रोजची मेहनत आहे. लहान कुंडी एका कडक दुपारीत सुकून जाते. ती मेहनत घेणारं कुणी घरात नसेल, तर भिंतीवर कुंड्या टांगू नयेत.

(दृश्य : आठ लहान कुंड्या. शेजारी एक मोठी.)

खाली ठेवायची कुंडी मोठीच घ्यावी. ८ इंची कुंडीच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच, म्हणजे १६ इंची कुंडी घेतली, तर तिच्यात आठपट माती मावते. या आठ लहान कुंड्या मांडायला मात्र त्या एका मोठ्या कुंडीच्या दुप्पट जागा जाते. माती तेवढीच, जागा निम्मी, आणि पाणी रोज घालायची घाई नाही. निचरा व्हावा म्हणून तळाशी खडी भरायची सवय अनेकांना आहे; मलाही होती. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशी थबकतं. खडीमुळे हा ओला थर उलट वर, मुळांच्या जवळ येतो. तळाला भोकं असावीत, बाकी सगळी माती.

फरशी नव्यानं घालायची असेल तर उतार घरापासून बाहेरच्या बाजूला, दर ८ फुटांना १ ते २ इंच. एवढं झालं की पाणी घराच्या भिंतीत मुरत नाही.

आता बसायची जागा. टेबलाजवळची खुर्ची मागे सरकवून उठायला साधारण तीन फूट मोकळे लागतात. चार बाजूंना चार खुर्च्या मांडल्या की एवढ्याशा परसात चालायला वाट उरत नाही. त्यापेक्षा भिंतीला लागून दीड फूट उंचीचं बाक करावं. त्याच्या मागे जागा सोडावी लागत नाही, आणि पोटात खुरपी, नळी, मातीची पोती राहतात.

मधली फरशी आम्ही मोकळीच ठेवणार आहोत. इथे काहीतरी ठेवायचा मोह होतो, मलाही झाला. पण परसात आपण जितका वेळ बसतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ ते घरातून दिसत असतं. जपानमध्ये क्योतोच्या जुन्या अरुंद घरांत त्सुबोनिवा नावाची इवलीशी अंगणं असतात. एक त्सुबो म्हणजे सुमारे ३५ चौरस फूट. एखादं झाड, एखादा दगड, थोडं शेवाळं. घरात उजेड आणि वारा आणायला आणि आतून बघायला तेवढं पुरतं.

(दृश्य : संध्याकाळ. फरशीभर खडूच्या रेघा. ऊन पूर्वेच्या भिंतीच्या वरच्या कडेला.)

सव्वासहा. शेवटची रेघ आता फरशीवर नाही, भिंतीवर ओढावी लागते. बाक समोरच्या भिंतीला लागून येईल, म्हणजे हे ऊन जाईपर्यंत बसल्या जागेवरून दिसत राहील. उद्या तारा ठोकायला सुरुवात.

(दृश्य : ऊन भिंतीवरून निघून जातं. दार उघडंच.)