फिरता डबा

(क्लोजअप : चांदीची वाटी, छोटा चमचा)

ही वाटी बघा. चांदीची आहे, तळाशी जरा काळी पडलीय, आणि मावतात तिच्यात जेमतेम चार-पाच चमचे. नातवाच्या उष्टावणाला त्याच्या मामाने आणली होती. नातू आता पाचवीत आहे आणि वाटी त्याची आजी, म्हणजे आमच्या काकू, वापरतायत. नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वाटीत मुगाचं कढण आहे, दोनदा गाळलेलं. एक चमचा तोंडात घातला की काकू चमचा खाली ठेवतात. हातात धरायचा नाही, खालीच ठेवायचा. हे त्यांना कळव्याच्या एका दादाने सांगितलं, कारण चमचा हातात राहिला की हात आपोआप वाटीकडे जातो, आणि त्याला ते कळलं होतं उलटी झाल्यावर.

काकूंची वजन कमी करायची सर्जरी होऊन आज अकरावा दिवस.

(टायमर वाजतो)

हा टायमर काकूंचा नाहीये. तो कुठून आला ते सांगते, थोडं थांबा.

(उपवन तलाव, सकाळ)

रविवार, सकाळचे पावणेसात. उपवन. समोर येऊरचा डोंगर, अजून धुक्यात आहे. तलावाकाठी हे जे नऊ-दहा जण चालतायत त्यातले निम्मे सर्जरी झालेले आणि निम्मे व्हायचे. नीट बघा, जो सगळ्यात हळू चालतो त्याच्या वेगाने सगळे चालतायत. कोणी पुढे जात नाही. गुडघे दुखणारा माणूस चालायला का जात नाही माहितीये? गुडघे दुखतात हे एक कारण झालं, पण दुसरं म्हणजे मागे पडायला होतं, आणि मागे पडलेला माणूस लोकांना लगेच दिसतो. इथे मागे पडायला जागाच ठेवलेली नाही.

ग्रुपला नाव नाही, अध्यक्ष नाही, वर्गणी नाही. कोणाला कोणी आणलं असं विचारलं तर एक साखळीच निघते, हिला तिने आणलं, तिला त्या काकांनी, काकांना त्यांच्या डाएटिशियनने सांगितलं की अमुक एकांशी बोलून बघा.

मी यात कशी आले तेही सांगून टाकते. माझी स्लीव्ह, म्हणजे जठर कापून लहान करायची सर्जरी, झाली त्याला चार वर्षं झाली. डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने एक झेरॉक्स हातात दिली, इतकी फिकट की दोन ओळी वाचताच येत नव्हत्या. पहिल्या आठवड्यात काय, दुसऱ्यात काय, ते सगळं होतं त्यात. पण घरी आल्यावर तिसऱ्या रात्री पाणी प्यायले आणि छातीत असं काही अडकलं की मला वाटलं आता संपलं, नवरा फोनवर शोधत बसलेला, मी बेसिनला धरून उभी, आणि कोणाला विचारायचं ते त्या कागदावर कुठेच नव्हतं. घोट मोठा घेतला गेला होता, बाकी काही नाही. पण "घोट मोठा झाला असेल, चाल थोडं, दहा मिनिटांत उतरेल" एवढं सांगणारं माणूस त्या रात्री मला मिळालं नाही. म्हणून ही फिल्म.

(ठाणे स्टेशन, फलाट, लेडीज डबा)

ह्या ताई घोडबंदर रोडला राहतात, नोकरी दादरला. सर्जरीआधीचं वजन ११८ किलो. मुंबईच्या लोकलमध्ये तीन जणींच्या सीटवर चौथी बसते, हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की "जरा सरका" म्हटलं की मान वर न करता बायका सरकतात. ताई बारा वर्षं चौथ्या सीटवर बसल्या नाहीत. सरका म्हणाल्याच नाहीत कधी. ठाण्याहून दादरपर्यंत उभ्या, गुडघ्यांत कळा येत असताना, समोर अर्धी सीट रिकामी असताना उभ्या. डायबिटीस होता, रात्री झोपेत श्वास अडकायचा, पण सर्जरीचा विचार पहिल्यांदा कधी आला असं विचारलं तेव्हा त्यांनी हे सीटचं सांगितलं.

(टेबलावर केळं, काका समजावतायत)

सोसायटीच्या ऑफिसात दर महिन्याला नवीन लोकांसाठी एक बैठक होते, आणि हे काका, रिटायर्ड आहेत, शाळेत विज्ञान शिकवायचे, ते पिशवीतून एक केळं काढतात. स्लीव्ह म्हणजे काय, तर जठराचा साधारण पाऊण भाग, कधी त्याहून थोडा जास्तच, दुर्बिणीतून कापून काढतात आणि उरतं ते ह्या आकाराचं, केळ्यासारखं नळकांडं. काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मुख्यतः तयार होतं, त्यामुळे नुसती जागा कमी होत नाही, भूकही कमी होते. वजनाच्या सर्जरीचा दुसरा प्रकार बायपास, त्यात जठराची वर एक छोटीशी पिशवी ठेवतात, साधारण ३० मिली, आणि आतडं थेट तिला जोडतात. बायपासवाल्यांनी गोड खाल्लं की घाम, धडधड, चक्कर, त्याला डंपिंग म्हणतात. एक जण विचारतो, म्हणजे श्रीखंड बंद? काका म्हणतात, श्रीखंडाचं नंतर बघू, आधी पाणी प्यायला शिकायचंय.

खरंच सांगते, कोणालाही वाटतं पाणी प्यायला काय शिकायचं.

(काका स्टीलच्या पेल्यात पाणी मोजतात)

ही ३० मिलीची मापाची टोपी आहे, खोकल्याच्या औषधावर येते तशी. सुरुवातीच्या दिवसांत पाणी ह्याच्यातून. एक टोपी भरायची, पंधरा मिनिटं त्यातूनच बारीक घोट, मग पुढची टोपी. म्हणजे तासाला १२० मिली, आणि दिवसभर हेच करत राहायचं, कारण नाहीतर शरीरातलं पाणी कमी पडतं आणि परत सलाईन लावायला जावं लागतं. पुढे जेवण सुरू झालं की जेवताना पाणी बंद, जेवणानंतर अर्धा तास बंद. काका नवीन लोकांना इथेच बसवतात आणि एक टोपी पाणी पंधरा मिनिटांत संपवायला लावतात. बघा चेहरे. दोन मिनिटांत टोपी रिकामी झाली सगळ्यांची. परत भरा म्हणतात काका.

(ताईंचं स्वयंपाकघर, संध्याकाळ)

आता लिक्विड डाएट. सर्जरीच्या आधी साधारण दोन आठवडे. सगळ्यांना वाटतं वजन उतरवायला असतं, पण मुख्य कारण लिव्हर. चरबी साठून लिव्हर सुजलेलं असतं, ते जठराच्या वरच येतं, सर्जनला दुर्बिणीतून काम करताना ते बाजूला सारावं लागतं, आणि दोन आठवडे कमी कॅलरीचं घेतलं की ते आकसतं. हे कळलं की डाएट पाळायला बळ येतं, असं ताई म्हणाल्या, कारण मग ती शिक्षा वाटत नाही.

पण घर चालूच असतं ना. गॅसवर मुलांसाठी बटाट्याची भाजी, सासूबाई पोळ्यांना तूप लावतायत, आणि ह्याच बाईने ते सगळं वाढायचं आणि आपण शेकरमध्ये प्रोटीन पावडर हलवायची. सगळ्यात वाईट वेळ रात्रीची नसते, दुपारी चारची असते. चहाची वेळ. चहा एकटा कधीच येत नाही आपल्याकडे, बरोबर खारी येते, टोस्ट येतो, कोणीतरी ऑफिसात वडापाव आणतं. म्हणून चार वाजता फोन येतो. चौदाच्या चौदा दिवस. काकूंना ताईंनी केला, ताईंना कळव्याच्या दादाने केला होता. फोनवर काय बोलतात? ऐका.

(फोनवरचा आवाज चालू राहतो, निवेदन थांबतं)

मालिकेबद्दल बोलतायत. पंधरा मिनिटं मालिकेबद्दल. चारची वेळ निघून गेली.

(हॉस्पिटलचा कॉरिडॉर)

ऑपरेशनचा दिवस आमच्याकडे नाहीये, कॅमेरा बाहेरच होता. हा दुसरा दिवस. काकू सलाईनचा स्टँड धरून चालतायत, पायात घट्ट मोजे, रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. शेजारी ताई. हातातलं हे श्वासाच्या व्यायामाचं तीन बॉलचं यंत्र ज्यांच्या घरात कोणाचं मोठं ऑपरेशन झालंय त्यांनी पाहिलेलं असतं. काकू फुंकतायत. बॉल हलत नाहीत. ताई हात पुढे करतात आणि सांगतात, फुंकायचं नाही काकू, ओढायचं, सरबत ओढतो ना नळीने, तसं. एक बॉल वर. दुसरा वर. तिसरा अर्धा.

(थोडा वेळ फक्त दृश्य)

(सोसायटीचं ऑफिस, खुर्च्या गोल)

ही तालीम मला सगळ्यात आवडते. आपल्याला लहानपणापासून एक शिकवलंय, पानात टाकायचं नाही. आणि दुसरं म्हणजे आग्रह. आग्रह न करणारं घर आपल्याला रुक्ष वाटतं. आता ज्याच्या पोटात पाच चमचे मावतात त्याने लग्नात, बारशाला, हळदीकुंकवाला काय करायचं? सहावा चमचा गेला की दुखतं, उलटी होते, आणि ते लोकांसमोर. म्हणून इथे काका मोठी मावशी होतात. खांद्यावर नॅपकीन घेतात पदरासारखा आणि पुरणपोळी घेऊन मागे लागतात. एवढंच? आमच्या हातचं आवडलं नाही का? अगं एकाने काय होतंय?

"पोट भरलं" चालत नाही, मराठी घरात त्या वाक्याला कोणी विचारत नाही. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की पुढचा अर्धा तास चौकशी. सगळ्यांनी मिळून जे उत्तर शोधलंय ते असं, "मावशी, मला डब्यात द्या, घरी निवांत खाईन." डबा भरला जातो, मावशी खूश, माणूस सुटतो. गेल्या गणपतीत एकवीस मोदक असे डब्यातून घरी आले म्हणे एकाच्या.

बऱ्याच जणांनी घरी सोडून कोणालाच सांगितलेलं नसतं. अपेंडिक्सचं झालं म्हणतात, पित्ताशयाचं म्हणतात. कारण सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, शॉर्टकट मारलास. मी हे स्पष्ट बोलणार. हा शॉर्टकट नाही. रोज ६० ग्रॅम प्रोटीन चमच्याने मोजून पोटात घालणं, प्रत्येक घास पंचवीस-तीस वेळा चावणं, वर्षावर्षाला रक्त तपासणं, आणि बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व जन्मभर घेत राहणं याला शॉर्टकट म्हणणाऱ्याने एक आठवडा करून बघावं. इन्शुरन्सच्या नियमातसुद्धा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ४० च्या वर, किंवा ३५ च्या वर आणि सोबत गंभीर आजार, आणि आधी बाकी उपाय करून झालेले असतील तरच ही सर्जरी बसते. हौसेने कोणी करत नाही.

त्रासही होतात, लीक म्हणजे जठराच्या शिवणीतून आतलं गळणं, रक्तस्राव, पित्ताचे खडे, तीन-चार महिन्यांनी केस गळतात आणि बहुतेकांचे परत येतात, काहींचं वजन काही वर्षांनी थोडं चढतं, आणि असे काही जण रविवारी यायचं बंद करतात. त्यांना चारचा फोन पुन्हा सुरू होतो. औषधाचं मात्र इथे कोणी कोणाला सांगत नाही, तो नियम कडक आहे, ताप, नाडी जोरात, पोटात वाढत जाणारं दुखणं, थांबत नाही अशी उलटी, यातलं काहीही असलं तर ग्रुपला नाही, थेट सर्जनला फोन.

(डब्याच्या झाकणाचा क्लोजअप)

हेच इथे लिहिलंय बघा, झाकणाच्या आतल्या बाजूला, मार्करने. हाच तो डबा. फराळाचा पत्र्याचा जुना डबा आहे, चकल्यांचा असावा, कोपऱ्यात अजून थोडा वास येतो. आत मापाच्या टोप्या, प्लास्टिकचे दोन लहान चमचे, गाळणीचं मलमलचं कापड, आणि हा टायमर, अंड्याच्या आकाराचा, पिवळा. सर्जरीला जाणाऱ्याकडे हा डबा आठवडाभर आधी येतो. दोन महिन्यांनी मऊ भात, कुस्करलेलं पनीर, माशाचा तुकडा पचायला लागला की तो पुढच्याकडे जातो. तळाशी एक चाळीस पानी वही आहे, तिच्यात प्रत्येकाने पहिल्या पूर्ण जेवणाची तारीख आणि काय खाल्लं ते लिहिलंय. बाकी काही लिहायचं नाही असं ठरलेलं. नाचणीची पेज. मऊ भुर्जी. अर्धा बोंबील, रश्शातला. वरण, त्यापुढे दोनदा अधोरेखित, भाताशिवाय.

चांदीची वाटी मात्र काकूंची स्वतःची.

(दोन महिन्यांनंतर, उपवन)

काकू तिसऱ्या मजल्यावरून उतरून रिक्षाने आल्यात, डबा मांडीवर. आज तो घेणारा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे, कोपरीचा, सोमवारी ॲडमिट होणार, आणि मघापासून सगळ्यांच्या मागे मागे चालायचा प्रयत्न करतोय, पण मागे कोणी जाऊ देत नाहीये. काकू त्याला बाकावर बसवतात. डबा उघडतात. टोपी दाखवतात, कापड दाखवतात, चमचा हातात देतात आणि परत काढून बाकावर ठेवतात. खाली ठेवायचा, हं.

(ठाणे स्टेशन, लोकल)

ताईंचं आज वजन ८६. हे फूटेज गेल्या मंगळवारचं, आठ वाजून काही मिनिटांची गाडी. आवाज तसाच ठेवलाय, ऐका.

(डब्यातला गोंगाट, मग ताईंचा आवाज : "जरा सरका ना.")

(उपवन)

मुलगा डबा घेऊन निघाला. काकूंनी टायमरमधली बॅटरी नवीन घालून दिलीय.