बाकडं कुठे ठेवायचं?

पत्रिकेवर विषय छापलाय ‘समकालीन व्हिडिओ-कला : काळ आणि अवकाश’. मी आयोजकांना फोनवर फक्त ‘बाकडं’ एवढंच सांगितलं होतं. त्यांना बहुधा नीट ऐकू आलं नाही. असो. काळाकडे आणि अवकाशाकडे येतेच, पण बाकड्यावरून.

कलादालनात व्हिडिओ बघायला गेलात की आधी एक जाड काळा पडदा लागतो. तो नेमका कुठून सारायचा हे कळत नाही, म्हणून दोन्ही टोकांनी चाचपायचं. आत मिट्ट काळोख. कुणाला तरी धक्का लागतो, आपण ‘सॉरी’ म्हणतो, आणि तो खांब निघतो. मागे एका प्रदर्शनात अशीच आत शिरले. पडद्यावर एक बाई नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी. आता ही नुकतीच उतरलीय की अर्ध्या तासापासून उभीय? पाटी बाहेर, उजेडात. आणि बसायला काही म्हणजे काही नाही. शेजारच्या दालनातल्या कलाकृतीत कुणीतरी लोखंडी पत्रे बडवत होतं, आणि मधे भिंत नावापुरतीच. माझ्या पुढचे एक गृहस्थ सोबतच्या बाईंना नदी आणि औद्योगिकीकरण यांचा संबंध समजावून सांगत होते. पत्रे थांबले तसं त्यांचं विवेचनही थांबलं.

दारातल्या मदतनिसाला विचारलं, बाकडं नाही का हो? तो म्हणाला, “होतं मॅडम. फोटोत वाईट दिसतं म्हणून उद्घाटनाआधी उचललं.” मग बिचाऱ्याने स्वतःचं प्लॅस्टिकचं स्टूल पुढे केलं. “बसा हवं तर. पण ती शेवटपर्यंत बाहेर येत नाही.”

तुम्ही हसताय, पण माझं भांडण गुडघ्यांसाठी नाही. नाट्यगृहात खुर्ची ठरलेली, तिसरी घंटा ठरलेली. दालनात माणूस केव्हाही येतो, कुठेही उभा राहतो, केव्हाही उठून जातो. मधूनच येण्याचं आपल्याला वावडं नाही. कीर्तनाला उशिरा आलेला माणूस शेजाऱ्याला ‘कुठवर आलंय?’ विचारतो आणि दोन मिनिटांत मान डोलवू लागतो. पण त्याच्यासाठी कुणीतरी सतरंजी घातलेली असते! दालनातला प्रेक्षक कुठे थांबेल, किती वेळ, कुठल्या अंगाने बघेल, हा कलाकृतीचाच भाग आहे. तो सजावटवाल्यावर सोडायचा नसतो.

व्हिडिओ-कलेची सुरुवातच बघा ना. मार्च १९६३, जर्मनीतलं वुपर्टाल, एका वास्तुविशारदाच्या घरातली पार्नास गॅलरी. कोरियाचा नाम जून पाइक डझनभर टीव्ही संच मांडतो. (दारावर नुकत्याच कापलेल्या बैलाचं मुंडकं टांगलं होतं; पोलिसांनी ते काढायला लावलं. याचा बाकड्याशी संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.) एक संच बिघडलेला. चित्र गायब, पडद्यावर नुसती एक आडवी रेघ. आपण मेकॅनिकला फोन केला असता. पाइकने संच उचलून उभा केला. रेघही उभी झाली, आणि त्याला नाव दिलं ‘झेन फॉर टीव्ही’. टीव्ही ही घरात समोर बसून बघायची वस्तू. ती जमिनीवर आली की भोवती फिरावं लागतं, वाकावं लागतं. म्हणजे चित्रफितीच्या आधी प्रेक्षकाचं शरीर...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, मुख्य मुद्दा आता भरधाव.

डग्लस गॉर्डन, १९९३, ग्लासगो. हिचकॉकचा ‘सायको’ हा चित्रपट ताणून चोवीस तासांचा केला, आवाज काढून टाकला. पडदा खोलीच्या मध्ये टांगलेला, मागूनही दिसतो. दालन रोज सात-आठ तास उघडं, तेव्हा बसून संपवायचा प्रश्नच नाही. इथे बाकडं नको, हे मला मान्य आहे. उलट ख्रिश्चन मार्क्लेचं २०१० सालचं ‘द क्लॉक’. हेही चोवीस तासांचं, हजारो चित्रपटांतली घड्याळं जोडून केलेलं, आणि पडद्यावरची वेळ तुमच्या मनगटावरच्या वेळेशी जुळलेली. तिथे पांढरे सोफे, आणि ते कसे मांडायचे हेही कलाकाराने ठरवलेलं. लोक तासन्‌तास बसतात.

इराणची शिरीन नेशात, ‘टर्ब्युलंट’, १९९८. समोरासमोर दोन पडदे. एकावर पुरुष गातो, त्याच्यामागे सभागृह भरलेलं. तो थांबला की दुसऱ्यावर बाई गाते, शब्दांवाचून, रिकाम्या खुर्च्यांपुढे. इराणमध्ये बाईला पुरुषांसमोर एकटीने गायची बंदी आहे. तुम्ही मधोमध. एकाकडे बघायचं तर दुसऱ्याकडे पाठ. बाकडं एका पडद्याकडे तोंड करून ठेवलंत, तर बाजू घेतलीत! आणि आपल्या मुंबईत नलिनी मलानी. १९९८च्या अणुचाचण्यांनंतर मंटोच्या ‘टोबा टेक सिंग’ या फाळणीवरच्या कथेवरून केलेलं काम, तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. भिंतींवर मोठी प्रक्षेपणं आणि जमिनीवर पत्र्याच्या ट्रंकांत टीव्ही. फाळणीत माणसं ज्यात संसार भरून निघाली, तसल्या ट्रंका. त्यात डोकवायचं तर वाकायलाच हवं.

दुसरी चिठ्ठी. बिल व्हायोला राहिलाच. पाऊण मिनिटाचं चित्रण दहा मिनिटांवर ताणणारा माणूस वेळेअभावी वगळावा लागतोय, याबद्दल अध्यक्षांनीच काय ते बोलावं.