ओव्याचं तेल: सडावर चालतं, कासेत नाही

मंडळी, हवेली, दौंड, शिरूरकडून सकाळची धार उरकून तुम्ही पुण्यात आलात, तेव्हा थेट विषयाला हात घालतो. ओवा, लवंग, दालचिनी, गवती चहा यांची तेलं जंतू मारतात का? मारतात. कुठे मारतात आणि कुठे नाही, एवढंच आज बघायचंय.

ओव्याच्या तेलातला मुख्य ऐवज थायमॉल. अमृतधारेत कापूर आणि पुदिन्याच्या फुलाबरोबर आपण जे ओव्याचं फूल घालतो, तेच हे. लवंगेत युजेनॉल, गवती चहात सिट्रल. ही द्रव्यं पाण्यात जेमतेम विरघळतात, स्निग्ध पदार्थात मात्र सहज. जंतूच्या पेशीचं आवरण स्निग्धच असतं. तेल त्यात शिरलं की आवरण सैल पडतं, आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं आणि जंतू मरतो. स्टॅफिलोकोकस हा जंतू त्या मानाने लवकर मरतो. ई. कोलायला बाहेरून आणखी एक आवरण असतं, म्हणून तो चिवट. स्यूडोमोनास तर बहुतेक तेलांना दाद देत नाही.

गोम अशी, की ज्या गुणामुळे तेल जंतूत शिरतं, त्याच गुणामुळे ते दुधाच्या फॅटमध्येही शिरून बसतं. प्रथिनंही त्याला धरून ठेवतात. जंतूपर्यंत पोचतं ते उरलंसुरलं. म्हशीच्या दुधाला तर सहा-सात फॅट! हिशोब मांडू. परीक्षानळीत ०.१ टक्का तेल पुरलं असं धरा. कासेच्या एका भागात दोन लिटर दूध असेल, तर २ मिली झालं. दुधात दसपट लागलं, तर २० मिली. एवढं तेल आत गेलं तर जंतूंआधी कासेचं अस्तर भाजून निघेल. म्हणून दगडी (जंतूंमुळे कासेला येणारी सूज) झाली, दुधात गाठी दिसल्या, तर सडात तेल सोडायचं नाही. दुधाचा नमुना तपासायला द्यायचा आणि डॉक्टरांना बोलवायचं.

धार काढल्यावर सड बुडवायला मात्र हे तेल वापरता येतं. तिथे फॅट नाही, आणि जंतू कातडीवरच असतात. आयोडीनचं ०.५ टक्क्याचं द्रावण आजही जास्त खात्रीचं, हे आधीच सांगतो. तरी करून बघायचं असेल तर १ लिटरसाठी ५ मिली ओव्याचं तेल घ्या. ते आधी १५ मिली ट्वीन ८० मध्ये (तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य) नीट घोटा, मग ५० मिली ग्लिसरीन घाला आणि उकळून गार केलेलं पाणी बारीक धारेने सोडत लिटर पुरं करा. हा क्रम चुकवू नका. तेल थेट पाण्यात ओतलं की वर तरंगतं. मग पहिल्या गायीच्या सडाला निव्वळ तेल लागून फोड येतात आणि शेवटच्या गायीला नुसतं पाणी मिळतं. आधी एकाच जनावराच्या एकाच सडावर दोन दिवस लावून बघा. पुढच्या धारेआधी सड धुऊन कोरडे करा, नाहीतर दुधाला ओव्याचा वास लागेल आणि संकलन केंद्रावर कॅन परत येईल.

आता खाद्य. युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालणं बंद केलं. आपल्याकडे २०१९ मध्ये दूध, अंडी, मांसासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकावर बंदी आली. तेव्हापासून त्यांच्या जागी खाद्यात घालायला या तेलांची विचारपूस वाढली आहे. साधारण मात्रा टनभर खाद्याला १०० ते ३०० ग्रॅम. २०० ग्रॅम धरलं तर पाच किलो खाद्याला एक ग्रॅम, म्हणजे अंदाजे वीस थेंब. ते थेट घमेल्यात टाकलं की एका जागी गोळा होतं. आधी दोन किलो कोंड्यात चोळून घ्या. गोळी खाद्य वाफेवर ८० अंशांना बनतं, तिथे बरंचसं उडून जातं. शिवाय कोंबडीत किंवा डुकरात उघडं तेल आतड्याच्या वरच्याच भागात शोषलं जातं, खाली जिथे जंतू आहेत तिथवर पोचत नाही. म्हणून स्निग्ध पदार्थाच्या कवचातलं तेल घ्यावं लागतं, आणि ते महाग पडतं. रवंथ करणाऱ्या जनावरांत आणखी एक अडचण: मात्रा वाढली की कोठीपोटातले कामाचे जंतूही दबतात, वैरण पचत नाही आणि गाय गव्हाणीवरून तोंड फिरवते.

बाटली तपकिरी काचेची हवी. पातळ प्लॅस्टिक तेलाने मऊ पडतं. डिसेंबरच्या थंडीत बाटलीच्या तळाशी खडे दिसले तर तेल खराब झालं म्हणून फेकू नका. थायमॉलच तिथे गोठलेलं असतं. वरचंच ओतून घेतलं तर औषध बाटलीतच राहतं. बाटली कोमट पाण्यात धरा, खडे विरघळू द्या, हलवा आणि मग मापा.