उतरंडीतलं खालचं मडकं

श्रोतेहो, नमस्कार. आज बोलायचंय मुख्यमंत्रिपदाबद्दल.

उतरंड काय असते ते तुम्हाला सांगायला नको. खालचं मडकं हललं की वरची सगळी खाली. मुख्यमंत्री म्हणजे ते खालचं मडकं. त्यांनी राजीनामा दिला की अख्खं मंत्रिमंडळ गेलं. नेमणूक राज्यपाल करतात, पण पद टिकतं विधानसभेच्या विश्वासावर. आपल्याकडे आमदार 288, म्हणजे बहुमताला हवेत 145. परत सांगतो, 145.

पण या पदाचं काम मला कळलं ते 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपात.

आमचं गाव औसा तालुक्यात, किल्लारीपासून दोन-तीन कोसांवर. गणपती बोळवून गाव उशिरा निजलेलं. मी तेव्हा बारा वर्षांचा, अंगणात बाजेवर झोपलेलो. तीन वाजून छप्पन मिनिटं. पोटात गोळा यावा असा जमिनीखालून गडगडाट आला, आणि आत आजीची उतरंड कोसळली. ज्वारीचं मडकं फुटलं, डाळीचं फुटलं. आजी उंबरा ओलांडून बाहेर आली आणि मागे माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, बसलं. धूळ अशी, की कंदिलाचा उजेड हातभरही पुढे जाईना.

माळवदाला आता सगळेच दोष देतात. मला ते पटत नाही. उन्हाळ्यात तसं गार घर दुसरं नाही. वर मातीचे थर चढवत गेलो ते आपणच ना?

तर, त्याच वेळी मुंबईत मुख्यमंत्री शरद पवार जागे होते. परभणीची विसर्जन मिरवणूक रेंगाळली होती. ती पार पडल्याचा निरोप आला, ते आडवे होणार तोच खिडक्या हादरल्या. त्यांनी कोयनेला फोन लावला, तिथे धरणावर भूकंप मोजतात. तिथून कळलं, केंद्र किल्लारीजवळ आहे. हे त्यांनीच पुढे सांगितलंय. सकाळी ते किल्लारीत होते.

महसूल, आरोग्य, बांधकाम, पाणी. खाती वेगळी, मंत्री वेगळे. एरवी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर अर्ज फिरतो, "हे आमच्याकडे येत नाही" म्हणून. त्या दिवशी आमच्या गावात तलाठी, डॉक्टर आणि टँकर बरोबरच आले. या सगळ्यांना एका वेळी हलवू शकतो तो मुख्यमंत्रीच. हेच काम, श्रोतेहो. सगळ्यांना एका वेळी हलवणं.

म्हणून माझा आग्रह आहे, मंत्रिमंडळाची बैठक दरवर्षी मराठवाड्यात व्हावी. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, झेंडा लावून विमान गाठलं, एवढ्यावर भागत नाही. इथल्या उन्हात बसून पाण्याचा निर्णय घ्या.

पुढे आम्हाला पत्र्याची शेड मिळाली. आजीनं बाजारातून नवी मडकी आणली. रचताना खालचं मडकं तिनं आधी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, बुडाखाली चुंबळ नीट बसवली, परत दाबलं, आणि मगच म्हणाली, "आण रे दुसरं."