पाठमोरी

पॅरिस, 1908. तोवर फॅशनचं चित्र म्हणजे शिंप्याच्या कामाचा कागद. चुणी न् चुणी मोजून घ्यावी, लेसचा टाका न् टाका दिसावा. त्या वर्षी पॉल प्वारे या वेशकाराने स्वतःच्या कपड्यांचा एक अल्बम काढला. प्रती अवघ्या 250. चित्रं काढली पॉल इरिब या तरुणाने.

यातलं एक पान जवळून पाहू या. खोली आहे, भिंतीवर तसबीर आहे, पण सगळं नुसत्या रेघांत. रंग फक्त कपड्यांना. तोही सपाट, ना सावली, ना उठाव. आणि ही बाई चक्क पाठमोरी उभी आहे! चेहरा नाहीच, म्हणून नजर मानेवरून सरळ कोटाच्या घेरावर उतरते.

अशी पाठमोरी बाई, असा सपाट रंग, अशी मोकळी सोडलेली जागा पॅरिसने जपानी ठसाचित्रांत पाहिली होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जपानची बंदरं उघडली आणि उतामारो या जपानी चित्रकाराच्या सुंदरी इथल्या दुकानांत, संग्राहकांच्या घरांत येऊन पोहोचल्या. 1890 मध्ये इथल्या कलाशाळेत अशा शेकडो चित्रांचं प्रदर्शन भरलं. इरिबची पिढी याच चित्रांच्या सहवासात वाढली.

या अल्बमला सरसकट 'पौर्वात्य' म्हणतात, ते मला पटत नाही. छातीखाली कंबर असलेले हे सरळ झगे फ्रेंचच आहेत, राज्यक्रांतीनंतरच्या दिवसांतले. जपानी आहे ती बघण्याची रीत. प्वारेच्या कोटांची गोष्ट वेगळी. त्यांच्या ऐसपैस बाह्यांत किमोनो उघड दिसतो.

आता रंगाकडे येऊ. काळ्या रेघा छापायच्या. रंग मात्र हाताने, पोश्वार या छाप्याच्या पद्धतीने. धातूच्या पातळ पत्र्यात आकार कापायचा, तो कागदावर ठेवायचा आणि ब्रशने रंग भरायचा. आपल्या रांगोळीच्या छाप्यासारखंच, फक्त रंग ओला. प्रत्येक रंगाला वेगळा पत्रा, आणि प्रत्येक प्रतीसाठी हे सगळं पुन्हा. जपानी रंगारी कापडासाठी असेच छापे कापत, तुतीच्या कागदाला पर्सिमन फळाचा रस पाजून. तेही तोवर युरोपातल्या संग्रहांत आले होते.

1911 मध्ये जॉर्ज लपाप या चित्रकाराने प्वारेसाठी दुसरा अल्बम केला. पुढच्याच वर्षी 'गॅझेत द्यू बाँ तों' हे मासिक निघालं. त्यातली रंगीत पानंही पोश्वारचीच.

पान किंचित तिरपं धरा. रंगाच्या कडेला बारीकसा उंचवटा दिसतो. ब्रश फिरताना पत्र्याच्या काठाशी रंग तिथे साचला होता.