वरचा आकडा का वाढतो?

‘वय अधिक शंभर, एवढं बीपी चालतं’ हा हिशोब आजही घरोघरी ऐकू येतो. सत्तरीच्या आजोबांचं बीपी 170/70 आलं की कोणीतरी म्हणतंच, ‘अहो, खालचा आकडा उत्तम आहे, वरचा काय वयामुळे.’ मला आज याबद्दलच बोलायचं आहे. वरचा चढणं आणि खालचा उतरणं ही बहुतेकदा एकाच बिघाडाची दोन टोकं असतात, आणि तो बिघाड असतो महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सर्वात मोठ्या धमनीच्या, भिंतीत. वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतानाचा दाब, खालचा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधला.

हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर टाकतं. ते सगळं लगेच पुढे जात नाही. महाधमनी फुगते, निम्म्याच्या आसपास रक्त तिच्यात थांबतं, आणि हृदय सैल पडलं की भिंत मूळ जागी येताना ते पुढे ढकलते. स्टीफन हेल्स या इंग्रज पाद्र्याने 1733 साली याची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या टाकीशी केली होती. दांडा खालीवर होत राहतो, पण टाकीमुळे पाण्याची धार तुटत नाही.

तरुण माणसाच्या महाधमनीचा पातळ काप रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर इलॅस्टिन या रबरासारख्या ताणणाऱ्या प्रथिनाचे काळे नागमोडी पदर एकावर एक रचलेले दिसतात आणि मधे स्नायुपेशी. ऐंशीच्या माणसाच्या कापात तेच पदर सरळ झालेले, विरलेले, जागोजागी तुटलेले. फटींत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरलेलं, कुठे कॅल्शियमचे कण. हे इलॅस्टिन बहुतांशी जन्माआधी आणि बालपणीच तयार होतं, नंतर जवळपास नाहीच. तोच साठा साठीपर्यंत दोनशे कोटींहून अधिक ठोके सोसतो. मग ताण कोलॅजनवर येतो, आणि ते फारसं ताणत नाही. रक्तातली साखर कोलॅजनच्या तंतूंमध्ये आणखी गाठी पाडते, म्हणून मधुमेहात हे सगळं लवकर होतं. कोलेस्टेरॉलच्या थरांशी याची गल्लत करू नका. ते थर आतल्या अस्तरात ठिकठिकाणी साचतात. हा बदल मधल्या थरातला, आणि बराच सलग.

ताठ भिंत फुगत नाही, म्हणून वरचा दाब चढतो. मागे ढकलत नाही, म्हणून खालचा उतरतो. हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मुख्यतः दोन ठोक्यांच्या मधल्या काळात मिळतं. म्हणजे काम वाढलं आणि पुरवठ्याचा दाब घटला! नाडीची लाटही वेगाने धावते. तरुणपणी सेकंदाला पाच-सहा मीटर, उतारवयात दहा-बारा. मान आणि जांघेत नाडी टिपून हा वेग मोजता येतो. मेंदू आणि किडनीच्या नाजूक रक्तवाहिन्यांवर ही लाट थेट आदळते, आणि मला सर्वात जास्त काळजी तिथली वाटते.

हे सगळं अटळ आहे का? 1988 सालच्या इंटरसॉल्ट या मीठ आणि बीपीच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ब्राझीलच्या यानोमामी लोकांचं सरासरी बीपी सुमारे 95/61 आढळलं, आणि त्यांच्यात ते वयाबरोबर चढत नाही. त्यांच्या आहारात मीठ जवळजवळ नाही, अंगमेहनत भरपूर. आणि एकदा वरचा आकडा चढलाच, तरी उपचार वाया जात नाहीत. 1991 साली अमेरिकेतल्या शेप चाचणीत साठीपुढच्या, फक्त वरचा आकडा वाढलेल्या लोकांना साधी, स्वस्त औषधं दिली, तर पक्षाघाताचं प्रमाण 36 टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे लोणचं-पापड, फरसाण कमी करणं आणि रोज झपझप चालणं इतकं तरी सगळ्यांच्या हातात आहे.

औषध सुरू असलेल्या ज्येष्ठांच्या घरच्यांना एक सांगतो. दाबावर लक्ष ठेवणारे संवेदक मानेतल्या आणि छातीतल्या धमन्यांच्या भिंतीतच असतात, आणि भिंत ताणली गेली तरच त्यांना कळतं. भिंत ताठली की तेही मंदावतात. म्हणून आजी अंथरुणातून उठतात आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यांचं बीपी बसून घेतलंत की उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा घ्या, आणि डॉक्टरांना तिन्ही आकडे दाखवा.