साथीला रिचर्ड राइट

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय 'पिंक फ्लॉइडची गाणी का टिकली'. त्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार मांडू द्या, इतके जाणकार एका खोलीत पुन्हा कधी सापडायचे!

पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला गाडी रॉजर वॉटर्स विरुद्ध डेव्हिड गिल्मोरवर जाते. शब्द याचे, गिटार त्याची, बँड कोणाचा? सुरुवातीच्या काळातच बँडबाहेर पडलेल्या सिड बॅरेटबद्दल थोडी हळहळ होते. आणि रिचर्ड राइट? 'हो, तो कीबोर्डवाला.' अहो, आपल्या बैठकीत पेटीवाल्याचं नाव निदान माइकवरून घेतात!

या कीबोर्डवाल्याची गोष्ट ऐका. 1969च्या अखेरीला इटालियन दिग्दर्शक अँतोनिओनीच्या 'झब्रिस्की पॉइंट' या चित्रपटाचं संगीत करायला बँड रोमला गेला. पडद्यावर पोलीस आणि विद्यार्थ्यांची धुमश्चक्री, आणि त्याखाली राइटने पियानोवर बांधलेली एक संथ, जवळपास प्रार्थनेसारखी चाल. दिग्दर्शकाने ती घेतली नाही. चाल पडून राहिली आणि 1973 साली 'डार्क साइड ऑफ द मून' या रेकॉर्डवर 'अस अँड देम' होऊन आली. आता हे गाणं नीट ऐका. ओळीतला एकेक शब्द प्रतिध्वनीत विरत जातो, पुढच्या शब्दाला कसलीही घाई नसते, आणि ती मोकळी जागा राइटचा ऑर्गन धरून ठेवतो. गाणाऱ्याला अशी जागा देणारा साथीदार मिळाला की काय होतं, ते इथे बसलेल्यांना मी काय सांगू?

त्याच रेकॉर्डवर 'द ग्रेट गिग इन द स्काय'. पियानो पुन्हा राइटचाच. त्यावर गायला क्लेअर टॉरी या गायिकेला रविवारी ॲबी रोड स्टुडिओत बोलावलं. शब्द नाहीत, नुसतं गा! तिने जे केलं ते तुम्ही ऐकलंय. मानधन 30 पौंड. रचनेतला तिचा वाटा मान्य व्हायला 2005 उजाडलं, तेही दावा लावल्यावर.

आणि खुद्द राइटला 1979 मध्ये, 'द वॉल' या रेकॉर्डचं काम चालू असताना, बँडमधून काढलं. दौऱ्यावर मात्र पगारी वादक म्हणून नेलं. रंगमंचावर खरीखुरी भिंत रोज बांधायची, रोज पाडायची, खर्च अफाट. बाकी तिघांना तोटा झाला, पैसे सुटले ते एकट्या राइटचे! (हशा) हसा, हसा. हे सांगताना मला दरवेळी मनापासून आनंद होतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता मूळ विषय भराभर घेतो.

ही गाणी टिकली ती त्यांतल्या ऐसपैसपणामुळे. 'डार्क साइड'वरच्याच 'ब्रीद'मधला एक कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, राइटने जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या रेकॉर्डवरून घेतला. तो आला की गाणं क्षणभर थबकतं. 'टाइम'मध्ये गिल्मोर तावातावाने गातो आणि मधल्या ओळी राइट मऊ आवाजात गातो, म्हणून तो ताव पोचतो. 'मनी' सात मात्रांचं, रूपक तालात मुरलेल्या कानाला ते सहज धरता येतं. ती करामत वॉटर्सची, त्याचं श्रेय त्यालाच.

पुरावा हवा? 1983चा त्यांचा अल्बम 'द फायनल कट' घ्या. त्यात राइट नाही. शब्द धारदार आहेत, युद्धाचा संताप खरा आहे, पण दोन ओळींमध्ये हवाच नाही. उलट 1971चं 'एकोज' हे गाणं घ्या. पियानोचा एकच वरचा स्वर लेस्ली स्पीकरमधून सोडलाय. त्या स्पीकरच्या खोक्यात भोंगा गरगर फिरतो, म्हणून स्वर पाण्यात वाजल्यासारखा थरथरतो. त्या एका स्वरावर पुढची तेवीस मिनिटं उभी आहेत. 2008 मध्ये राइट गेला, आणि त्याच्याशिवाय हे गाणं वाजवायचं नाही असं गिल्मोरने ठरवलं.

सगळं ऐकवायला वेळ नाही, पहिली चार मिनिटं लावतो. उरलेलं घरी ऐका, पण कृपा करून मोबाइलच्या स्पीकरवर नको.